पाहिजे म्हणजे नेमकं काय?



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायातल्या तेराव्या श्लोकावर. आसुरी संपत्तीचं वर्णन चाललंय. असा माणूस मनाशी काय पुटपुटत असतो, ते भगवंत अर्जुनाला सांगतात. एक गोष्ट आज पदरात पडली, आता दुसरी पाडून घेतो. एवढं माझं आहेच, तेवढंही होईल. लहानपणी हा अध्याय ऐकताना मला वाटायचं, हे कुणातरी राक्षसाबद्दल आहे, मिशावाला, गदावाला. या वर्षी पहिल्यांदा कळलं की हे माझ्या ऑनलाइन कार्टबद्दल आहे. (पुढच्या, चौदाव्या श्लोकात तोच माणूस म्हणतो की हा शत्रू मारला, आता बाकीचेही मारतो. गेम खेळणाऱ्यांनी तो श्लोक स्वतःच उघडून वाचावा. मी काही बोलत नाही.)

आज 20 डिसेंबर. आमच्या वलगावात या तारखेला वेगळं काही सांगावं लागत नाही. 1956 साली याच दिवशी, अमरावतीकडे नेत असताना, पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. गावातले लोक त्या जागेला निर्वाणभूमी म्हणतात. मी शाळेत असल्यापासून त्या पुलावरून शेकडो वेळा गेलोय, बहुतेक वेळा कानात हेडफोन घालून.

तर गोष्ट माझ्या कॉम्प्युटरची आहे.

2020 मध्ये मी तो जोडून घेतला. रायझन 5 3600 प्रोसेसर, जीटीएक्स 1650 ग्राफिक्स कार्ड, रॅमची एकच आठ जीबीची पट्टी. दोन वर्षांपूर्वी त्याला 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतला. यंदाच्या जूनपासून तो कुरकुरायला लागला. व्हॅलोरंटसारखा हलका गेम सुरुवातीला छान चालायचा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी अडखळायचा. समोरचा माणूस दिसायचा तोवर मी मेलेला असायचो. मी लगेच निदान केलं, कार्ड जुनं झालं. नवीन पाहिजे. किंमत तीस हजारांच्या घरात.

इथे एक कबुली देतो. निदान आधी ठरलं होतं आणि लक्षणं नंतर गोळा केली. रोज रात्री अर्धा तास मी तुलनेचे व्हिडिओ बघायचो. डाव्या बाजूला माझं कार्ड, उजव्या बाजूला नवीन. गीतेच्याच दुसऱ्या अध्यायात 62 व्या श्लोकापासून ती उतरण सांगितली आहे. विषयाचं चिंतन केलं की आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छा अडली की राग. मी राग येण्यापर्यंत पोचलो होतो. गेममध्ये हरलो की टेबलावर हात आपटायचो आणि म्हणायचो, या मशीनमुळे. चिंतन आपण देवाचं करायचं म्हणतो, पण माझ्या मनाला चिंतन किती उत्तम जमतं ते त्या दीड महिन्यात दिसलं. एकाग्रता होती, सातत्य होतं, फक्त देवाच्या जागी एक हिरवी-काळी पेटी होती.

बाबांना सांगायचं होतं, कारण घरातले मोठे खर्च आम्ही विचारून करतो. मी सांगितलं, "बाबा, कॉम्प्युटरले नवीन कार्ड लागते. कामासाठी."

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं आहे, घरून चालतं, आणि त्यासाठी कंपनीने वेगळा लॅपटॉप दिलेला आहे.

बाबा ओसरीवर बसून पंपाचं झाकण उघडत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "कितीले येते?"

"तीस हजार. हप्त्यानं घेतो ना. व्याज नाही लागत."

"म्हंजे चार क्विंटल कापूस," ते म्हणाले, आणि परत झाकणाकडे वळले.

एवढंच. रागावले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पण हे एकक माझ्या डोक्यातून जाईना. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7710 रुपये होता, म्हणजे त्यांचा हिशेब बरोबर. आमच्या कोरडवाहू रानात एका एकराला चार-पाच क्विंटल निघाला तर बरा समजतात. म्हणजे ते कार्ड म्हणजे एक एकर. पेरणी, दोन डवरणी, निंदण, चार-पाच फवारण्या, वेचणी, सगळं धरून एक एकर, आणि ते माझ्या टेबलाखालच्या डब्यात जाणार होतं.

हे वाचून तुमच्यापैकी काही म्हणतील, अरे, तू कमावतोस ना, स्वतःच्या पैशाने घे. हो, कमावतो. आणि मी काही "गेम खेळणं म्हणजे पाप" असं लिहायला बसलेलो नाही. तसं लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या घरी टीव्ही 55 इंची असतो. सहाव्या अध्यायात भगवंत आहाराबरोबर विहारही युक्त असावा म्हणतात. विहार बंद कर असं म्हणत नाहीत. दिवसभर बग शोधून डोकं शिणलं की मित्रांबरोबर तासभर खेळणं हा माझा विहार आहे. त्या मित्रांपैकी एक बेंगळुरूला आहे, एक अकोल्याला, एक पुण्यात. आम्ही बोलतो ते फक्त त्याच तासात.

अडचण खेळण्यात नव्हती. मी "लागतं" म्हणालो, तिथे होती.

आपल्या भाषेत एक सोयीचा शब्द आहे, पाहिजे. पाणी पाहिजे, औषध पाहिजे, आणि ग्राफिक्स कार्डही पाहिजे. तहान आणि हौस, दोघांना एकच शब्द. "हवं" म्हटलं तर निदान इच्छा कबूल होते. "लागतं" म्हटलं तर ती गरज असते. मधला "पाहिजे" दोन्ही घरी जेवतो. माझ्या मनाने काय केलं? "हवं" होतं, त्याला "पाहिजे"च्या दारातून आत घेतलं आणि "लागतं"च्या पाटावर बसवलं. कारण "हवं" म्हटलं असतं तर समोरच्याला "मग थांब थोडा" म्हणायची जागा मिळाली असती. "लागतं" म्हटल्यावर बाप काय बोलणार?

म्हणून "मला खरंच अपग्रेडची गरज आहे का?" हा प्रश्न मला आता थोडा फसवा वाटतो. गेमच्या कॉम्प्युटरला गरज कशी असेल? हां, कधीकधी यंत्राच्या बाजूने खरी निकड येते. विंडोज 10 ला मोफत सुरक्षा अपडेट देणं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलं, आणि ज्यांचे प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाहीत, ते त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार करत असतील तर त्यांना विचार करावाच लागेल. कुणाचं पोट व्हिडिओ एडिटिंगवर असेल तर तास वाचणं म्हणजे पैसे वाचणं. पण माझ्यासारख्यासाठी दोनच प्रश्न खरे. एक, जे बिघडलंय असं मी म्हणतो, ते खरंच त्यामुळेच बिघडलंय का? दोन, मला हवंय एवढं मी मोकळेपणाने म्हणू शकतो का, आणि ते म्हटल्यावर माझ्याशेजारी आणखी कुणाला काय लागतंय ते दिसतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऑगस्टमधल्या एका रविवारी मिळालं, तेही योगायोगाने. अकोल्याचा मित्र वैतागून म्हणाला, "रडू नको लेका, आकडे दाखव." मी एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, एचडब्ल्यूइन्फो, आणि गेम चालवला. सुरुवातीला सगळं ठीक. वीस मिनिटांनी प्रोसेसरचं तापमान 95 अंशांना टेकलं. एरवी चार गिगाहर्ट्झच्या आसपास पळणारा प्रोसेसर तीनच्याही खाली उतरला, कारण जास्त तापला की तो जीव वाचवायला स्वतःच दमाने घेतो. आणि ज्या ग्राफिक्स कार्डाला मी दीड महिना शिव्या घालत होतो, ते निम्मंसुद्धा काम करत नव्हतं. प्रोसेसरकडून काम येण्याची वाट बघत बसलं होतं बिचारं.

म्हणजे तीस हजारांचं कार्ड लावलं असतं तरी गेम वीस मिनिटांनी तसाच अडखळला असता.

वीज बंद करून बाजूचं झाकण उघडलं. आमच्याकडे कापूस निघाला की भाव चढेपर्यंत घरातच भरून ठेवतात. मागच्या हंगामात तो माझ्याच खोलीत होता, छताला टेकेस्तोवर, एप्रिलपर्यंत. कॉम्प्युटर त्याच्या शेजारी. कूलरच्या पंख्याखाली धातूच्या पात्या असतात, त्यांच्यामधून हवा जायची असते. तिथे कापसाच्या तुसाचा आणि धुळीचा असा गच्च थर बसला होता की तो एका तुकड्यात निघाला. आई बघायला आली, म्हणाली, "अग्गो बाई, याच्या तर वाती होतील."

रंगकामाचा जुना ब्रश घेतला. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, गरगर फिरू द्यायची नाहीत. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवीन लावली. अमरावतीहून अडीचशे रुपयांची ट्यूब आणली होती. (ज्यांच्याकडे असाच प्रोसेसर आहे त्यांनी कूलर काढायच्या आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून, वायर काढून, कूलर अलगद डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ ओढलात तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच वर येतो.) परत जोडलं, तासभर खेळलो. तापमान सत्तरीच्या वर गेलं नाही.

आणि त्याच दिवशी दुसरं एक बिंग फुटलं. सेटिंग बघता बघता कळलं की 144 हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये 60 वरच ठेवलेला आहे. दोन वर्षं. एक क्लिक करायची राहिली होती. "हे मिळवलं, आता ते मिळवतो" हे म्हणतानाच मी आधीचं मिळवलेलं वापरलेलंही नव्हतं. त्या मॉनिटरसाठीही मी तेव्हा "लागतो" म्हणालो होतो. तो आल्यावर मला पडद्यावर फरक दिसला होता, मी मित्रांना सांगितलाही होता, की कसं एकदम स्मूद झालंय म्हणून! जो फरक अस्तित्वातच नव्हता, तो मी पैसे दिले म्हणून पाहिला. याच्यावर मी अजून विचार करतोय.

गाडगेबाबांचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. अंगावर चिंध्यांचा सदरा, हातात खराटा आणि ते फुटकं गाडगं. त्यातच खायचं, त्यातच प्यायचं, उन्हात तेच डोक्यावर. आमच्याकडे शाळेत 20 डिसेंबरला सफाई असायची आणि भाषण असायचं की बाबांप्रमाणे साधे राहा. मी बरीच वर्षं त्याचा अर्थ असा घेतला की वस्तू वाईट, पैसा वाईट. पण मग हे कसं जुळवायचं की याच माणसाने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या? त्याला लाखो रुपये लागले, लोकांनी ते दिले, आणि यांनी मोजून घेतले. भिंती पक्क्या, सोयी पक्क्या. आणि स्वतः त्यांत मुक्कामाला नाही. म्हणजे वस्तूंशी वैर नव्हतंच. कुणाला काय कमी आहे, हे त्यांना लख्ख दिसायचं, आणि स्वतःचं गाडगं बदलायची वेळ आलीय असं कधी वाटलं नाही. माझी नजर नेमकी उलटी बसवलेली आहे, हे मला कळलं ते पंपामुळे.

बाबा ओसरीवर ज्या पंपाचं झाकण उघडत होते, तो पाठीवरचा फवारणी पंप. चौदा-पंधरा वर्षं जुना. जुलैत ते एकदा म्हणाले होते, "पंप गयते लेका. सदरा पुरा वला होते मागून." मी मोबाइलवरून मान न काढता म्हणालो होतो, "वायसर बदला ना बाबा. चालते अजून."

चालते अजून.

कॉम्प्युटर साफ करून झाला, त्या संध्याकाळी मी आनंदात त्यांना सांगायला गेलो की तीस हजार वाचले. ते शेतातून नुकतेच आले होते, बनियन काढून बसले होते. पाठीवर लाल चट्टे, डोळे लाल. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाई, दवाईनं खाजवते. आंघोय केली का जाते."

मित्रांनो, तुम्ही पुण्या-मुंबईचे असाल तर सांगतो. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. शेकडो दवाखान्यात भरती झाले. औषध नाकातोंडातून जातं तसं कातडीतूनही जातं, आणि भिजलेला सदरा दिवसभर अंगावर असेल तर जास्तच. हे मला माहीत होतं. त्या वर्षी मी कॉलेजात होतो, त्यावर एक पोस्टसुद्धा टाकली होती, व्यवस्थेच्या विरोधात, भरपूर लाइक मिळालेली.

बॅटरीच्या नव्या पंपाची किंमत बघितली. साधारण तीन हजार. हातमोजे, मास्क, चष्मा धरून साडेतीन. माझ्या कार्डाचा नववा-दहावा हिस्सा. एका घरात, एकाच महिन्यात, दोन यंत्रांबद्दल मी निवाडा दिला होता. ज्याला फक्त ब्रश मारायची गरज होती, त्याला मी "बदला" म्हणालो, आणि जे खरंच बदलायला हवं होतं, त्याला "वायसर टाका". दोन्ही वेळा मी अभ्यास न करता बोललो होतो, पण दोन्ही चुका बरोबर माझ्याच बाजूने कशा पडल्या?

यात एक गोष्ट अशी की बाबांनीही "लागते" हा शब्द वापरला नव्हता. त्यांनी फक्त गळतो म्हणून सांगितलं. ज्यांना खरंच लागतं, ते बहुतेकदा तो शब्द वापरत नाहीत. त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याची गरज मोठी, असा हिशेब घराघरात चालतो.

हप्त्याचंही सांगून टाकतो. "व्याज नाही लागत" असं मी बाबांना म्हणालो होतो. 2013 मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांच्या शून्य टक्के हप्त्यांच्या योजनांना चाप लावला होता, कारण शून्य टक्के असं काही नसतंच, व्याज कुठेतरी दुसऱ्या नावाने वसूल होतं. मीही खालची बारीक अक्षरं वाचली तेव्हा प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी सापडला. गाडगेबाबांनी लहानपणी मामाचं शेत सावकाराच्या कर्जात कसं अडकतं ते पाहिलं होतं. पुढे कीर्तनातून ते लोकांना, कर्ज काढून सण आणि तेराव्या करू नका, म्हणून परोपरीने विनवत राहिले. त्यांच्या सेवेची सुरुवात झाली ते ठिकाण इथून लांब नाही. पूर्णेकाठचं ऋणमोचन. पौषातल्या रविवारी यात्रा भरते, तिथे त्यांनी भाविकांसाठी घाट बांधला. गावाचं नावच ऋणमोचन. आणि मी त्याच जिल्ह्यात बसून गेमसाठी बारा हप्ते शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला जाऊन पंप आणला. बाबांना देताना म्हणालो, "बाबा, ते कार्ड कामासाठी नव्हतं. गेमसाठी होतं."

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "रात्री दोन वाजता कोनतं हाफिस रायते?"

मग पंप उलटसुलट करून पाहिला, बॅटरीचं झाकण उघडलं, लावलं, आणि विचारलं, "कितीले आनला?" मी सांगितलं. त्यांची पहिली प्रतिक्रिया, "काहून आनला बे? जुना चालूनच होता ना."

हे लिहिताना खोटा साधूपणा नको म्हणून सांगतो, कार्ड मला अजून हवंय. कार्टमधून काढलेलं नाही. पुण्याचा मित्र रोज मेसेज करतो की लवकर घे, ऑक्टोबर 2025 पासून रॅमचे भाव भडकले, कार्डांचेही चढतील. असतील. बाबा तिकडे कापसाचा भाव चढायची वाट बघतायत, आणि बाहेरच्या कापसावरचं आयातशुल्क 31 डिसेंबर 2025 पर्यंत उठवलेलं होतं. एका घरात एक जण भाव चढेल म्हणून घाबरलाय आणि एक चढत नाही म्हणून. मी ठरवलंय एवढंच की घेईन तेव्हा रोखीने घेईन आणि घरात "हवंय" असं म्हणून घेईन. कदाचित तेव्हा ते नकोही वाटेल. वाटलं नाही तरी चालेल.

यंदाचा कापूस परवा खोलीत आला. मी टेबल ओसरीकडच्या खिडकीशी सरकवलं, डब्यावर आईची जुनी ओढणी टाकली, चालू करताना काढतो. जुना पंप बाबांनी टाकला नाही. कोठ्यात खुंटीला टांगलाय, नवीन वायसर लावून.